एलियट काउंटीने कूस का बदलली?

अमेरिकेतील अध्यक्षीय निवडणुकीच्या रात्री ज्या राज्यांचे आकडे सर्वांत आधी हाती येऊ लागतात, त्यांत केंटकीचा समावेश असतो. या राज्यात मतदान सकाळी सहा वाजता सुरू होऊन सायंकाळी सहा वाजता संपते. निकालाबाबत मात्र फारशी उत्सुकता नसते. केंटकी रिपब्लिकन पक्षाच्या पारड्यात पडणार, हे २००० सालापासून गृहीतच धरले जाते. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्रीही तसेच घडले. राज्य डोनाल्ड ट्रम्प यांनी सहज जिंकले आणि वृत्तवाहिन्यांचे लक्ष दुसरीकडे वळले.

तथापि, राज्याच्या ईशान्येकडील डोंगराळ भागात असलेल्या एका लहानशा काउंटीच्या निकालाने निवडणुकांच्या अभ्यासकांना थबकावयास लावले. एलियट काउंटीत ट्रम्प यांना २,००० मते मिळाली, तर डेमोक्रॅटिक पक्षाच्या हिलरी क्लिंटन यांना अवघी ७४०. १८६९ मध्ये स्थापन झालेल्या या काउंटीने १८७२ ते २०१२ या कालावधीतील सलग ३६ अध्यक्षीय निवडणुकांत डेमोक्रॅटिक उमेदवारालाच कौल दिला होता. अमेरिकेतील तीन हजारांहून अधिक काउंट्यांपैकी दुसऱ्या कोणत्याही काउंटीच्या नावावर या पक्षाशी इतकी दीर्घ व अखंड निष्ठा नव्हती. ही परंपरा मोडली ती थोडक्या मतांनी नव्हे, तर ७० टक्के विरुद्ध २६ टक्के अशा फरकाने.

जवळपास दीड शतक टिकलेली निष्ठा एका रात्रीत कशी विरते? या प्रश्नाचे उत्तर ट्रम्प यांच्या भाषणांत शोधण्यापेक्षा काउंटीच्या मतदानाच्या आकड्यांत आणि तेथील जीवनक्रमात शोधणे अधिक उद्बोधक ठरते. ही निष्ठा एका रात्रीत विरलीच नव्हती, असे तेथे आढळून येते.

तीन हजार मतदारांचा मुलुख

अमेरिकेत राज्याखालोखाल येणारा प्रशासकीय घटक म्हणजे काउंटी. आपल्याकडील तालुक्याशी तिची ढोबळ तुलना करता येईल. मात्र तिचे अधिकारी वरून नेमले जात नाहीत, ते लोकांनी निवडून दिलेले असतात. केंटकीत अशा १२० काउंट्या आहेत. त्यांपैकी एलियट ही सर्वांत लहान काउंट्यांत गणली जाते. २०२० च्या जनगणनेनुसार तिची लोकसंख्या ७,३५४ होती. महाराष्ट्रातील एखाद्या मोठ्या गावातही याहून अधिक वस्ती आढळेल. सँडी हूक हे तिचे मुख्य ठिकाण असून तेथे जेमतेम सहा-सातशे लोक राहतात. अमेरिकी कंट्री संगीतातील गायक कीथ व्हिटली याच गावात लहानाचा मोठा झाला. एरवी देशाने या गावाची दखल घ्यावी, असे फारसे काही तेथे घडत नाही.

अ‍ॅपलेशियन पर्वताच्या पायथ्याकडील या टेकड्या, त्यांमधून वाहणारी लिटल सँडी नदी, दऱ्यांमधील चिंचोळ्या जमिनी आणि विखुरलेली घरे असे तेथील भूचित्र आहे. मोठा महामार्ग काउंटीतून जात नाही. रोजगारासाठी अनेकांना शेजारच्या मोरहेड शहरात किंवा ओहायो नदीकाठच्या अ‍ॅशलंड या औद्योगिक शहरात जावे लागते. लोकसंख्येत गोऱ्या नागरिकांचे प्रमाण ९० टक्क्यांहून बरेच अधिक आहे. सँडी हूकजवळ २००५ मध्ये सुरू झालेला राज्य शासनाचा तुरुंग हा काउंटीतील मोठ्या रोजगारदात्यांपैकी एक. तुरुंगातील सुमारे हजारभर कैद्यांची गणना जनगणनेत काउंटीचे रहिवासी म्हणून होते. परंतु त्यांना मताधिकार नाही. अध्यक्षीय निवडणुकीत काउंटीत प्रत्यक्ष मत देणाऱ्यांची संख्या अडीच ते तीन हजारांच्या घरात असते.

या तीन हजार मतांचा अध्यक्ष कोण होणार यावर परिणाम शून्यवत असतो. अमेरिकेचा अध्यक्ष ५३८ सदस्यांच्या निर्वाचक मंडळाकडून निवडला जातो. केंटकीच्या वाट्याला त्यातील आठ मते येतात आणि राज्यात पहिल्या क्रमांकावर राहणाऱ्या उमेदवाराला ती सर्वच्या सर्व मिळतात. त्यामुळे एलियटने कौल कोणालाही दिला, तरी केंटकीची आठही मते राज्यातील एकूण बहुमताप्रमाणेच जाणार. या निकालाचे मोल आहे ते वेगळ्या कारणासाठी. समाजाची राजकीय निष्ठा कशी घडते आणि कशी झिजते, हे इतक्या स्वच्छपणे दाखविणारी उदाहरणे थोडी असतात.

आकड्यांची साक्ष

२००४ पासूनच्या पाच निवडणुकांचे आकडे एकापुढे एक मांडले, की चित्र स्पष्ट होऊ लागते. २००४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे जॉन केरी यांना २,०६४ मते पडली, तर जॉर्ज बुश यांना ८७१. २००८ मध्ये बराक ओबामा यांना १,५३५ आणि जॉन मॅकेन यांना ९०२ मते मिळाली. २०१२ मध्ये ओबामा १,१८६ मतांवर आले, तर मिट रॉम्नी १,१२६ मतांवर पोहोचले. २०१६ मध्ये क्लिंटन यांना ७४० व ट्रम्प यांना २,००० मते मिळाली. २०२० मध्ये जो बायडेन यांना ७१२ आणि ट्रम्प यांना २,२४६.

टक्केवारीत पाहिले, तर डेमोक्रॅटिक पक्षाचा वाटा ७० वरून ६१, मग ४९, मग २६ आणि शेवटी २४ टक्के असा घसरत गेला. परंतु टक्केवारीपेक्षा प्रत्यक्ष मतसंख्या अधिक बोलकी आहे. २००४ ते २०१२ या आठ वर्षांत डेमोक्रॅटिक पक्षाने ८७८ मते गमावली. त्याच काळात रिपब्लिकन पक्षाच्या मतांत भर पडली ती केवळ २५५ ची. याचाच अर्थ, ज्यांनी डेमोक्रॅटिक पक्षाची साथ सोडली, त्यांतील बहुतेकांनी विरोधी पक्षाला मत दिले नाही. एकूण मतदान २,९५८ वरून २,३९९ वर आले. सातत्याने डेमोक्रॅटिक पक्षाला मत देणाऱ्या शेकडो मतदारांची जागा मतदान केंद्रावर रिकामी राहू लागली.

२०१६ मध्ये याच्या नेमके उलट घडले. ट्रम्प यांना रॉम्नी यांच्यापेक्षा ८७४ मते अधिक मिळाली. डेमोक्रॅटिक पक्षाची मते मात्र ४४६ नेच घटली. एकूण मतदान पुन्हा २,८५५ वर गेले. म्हणजे ट्रम्प यांच्या वाढीव मतांपैकी निम्म्याच्या आसपास मते डेमोक्रॅटिक पक्षाच्या घटलेल्या मतांतून आली असे मानले, तरी उरलेली निम्मी मते चार वर्षांपूर्वी या दोन्ही पक्षांच्या खात्यावर नव्हती. काही मतदार स्थलांतरित झाले असतील, काहींचे निधन झाले असेल, काही नव्याने नोंदले गेले असतील. आकड्यांवरून एकेका मतदाराचा माग काढता येत नाही. तरीही ढोबळ क्रम लपत नाही. आधी जुन्या पक्षापासून दुरावा, मग घरी बसणे आणि त्यानंतर दुसऱ्या पक्षाच्या दारात पाऊल. ही वाट चालावयास या काउंटीला बारा वर्षे लागली.

२०१२ मधील ओबामा यांची आघाडी केवळ ६० मतांची होती. केंटकीत त्यावर्षी ओबामा यांना साथ देणाऱ्या काउंट्या फक्त चार. लुईव्हिल आणि लेक्सिंग्टन ही दोन मोठी शहरे असलेल्या जेफरसन व फेयेट, राजधानी फ्रँकफर्ट असलेली फ्रँकलिन, आणि चौथी एलियट. शहरी व सरकारी नोकरदारांच्या वस्तीबरोबर उभी असलेली ही एकमेव ग्रामीण काउंटी होती. परंपरेचा बांध तोवर उभा असला, तरी तो आतून पोखरला गेला होता.

निष्ठेची मुळे

एलियट काउंटी डेमोक्रॅटिक का होती, हे समजून घेण्यासाठी अमेरिकेच्या यादवी युद्धापर्यंत मागे जावे लागते. १८६१ ते १८६५ या काळातील त्या युद्धात केंटकी हे गुलामगिरी मान्य असलेले राज्य असूनही संघराज्यातच राहिले. तथापि, युद्ध संपल्यानंतर संघराज्य सरकारविरुद्धचा रोष वाढला आणि राज्याची सूत्रे डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेली. एलियट काउंटी १८६९ मध्ये मॉर्गन, कार्टर आणि लॉरेन्स या काउंट्यांचे भाग जोडून निर्माण झाली, ती याच वातावरणात. त्या काळी दक्षिणेकडील गोऱ्या मतदारांचा पक्ष म्हणजे डेमोक्रॅटिक पक्ष आणि अब्राहम लिंकन यांचा, उत्तरेचा पक्ष म्हणजे रिपब्लिकन, अशी विभागणी होती.

केंटकीच्या डोंगराळ भागातच, एलियटच्या नैर्ऋत्येला, जॅक्सन नावाची काउंटी आहे. तीही गरीब, गोऱ्या वस्तीची आणि तंबाखूच्या लहान शेतांची. परंतु यादवी युद्धात तेथील लोक ठामपणे संघराज्याच्या बाजूने राहिले आणि तेव्हापासून ती काउंटी रिपब्लिकन पक्षाचा बालेकिल्ला बनली. उत्पन्न, धर्म, वंश, व्यवसाय यांत फारसा फरक नसलेल्या दोन काउंट्या दीड शतक परस्परविरोधी पक्षांना मत देत राहिल्या. दोन्हीकडे मताचा वारसा घराण्यातून पुढच्या पिढीकडे आला. पक्ष हा विचारांपेक्षा कुळाचाराचा भाग झाला होता.

या कुळाचाराची ताकद काही निवडणुकांतून दिसून येते. १९२८ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने अल स्मिथ या कॅथलिक उमेदवाराला उभे केले, तेव्हा दक्षिणेतील अनेक प्रोटेस्टंट मतदारांनी पक्षाकडे पाठ फिरविली. एलियटने फिरविली नाही. १९७२ मध्ये जॉर्ज मॅकगव्हर्न यांना पन्नासपैकी केवळ मॅसॅच्युसेट्स हे एक राज्य जिंकता आले. १९८४ मध्ये वॉल्टर मोंडेल यांच्या पदरात मिनेसोटा हे एकच राज्य पडले. राजधानी वॉशिंग्टनचा अपवाद सोडता बाकीचा देश विरोधात असतानाही एलियट या दोघांच्या पाठीशी राहिली.

कोर्टाच्या इमारतीतील राजकारण

केवळ वारशाच्या बळावर कोणतीही निष्ठा इतकी टिकत नाही. तिला रोजच्या व्यवहाराचे खतपाणी लागते. केंटकीत काउंटीचा प्रमुख प्रशासक, क्लार्क, शेरीफ, वकील, मृत्यूंची चौकशी करणारा कॉरोनर, मालमत्तेचे मूल्यांकन करणारा अधिकारी, इतकेच काय पण काउंटीच्या तुरुंगाचा जेलरदेखील निवडणुकीने ठरतो. लहान काउंटीत कोर्टाच्या इमारतीतील ही पदे म्हणजे अधिकार, पगार आणि ओळखीपाळखीचे केंद्र. रस्त्यावर खडी कधी पडणार, कोणाच्या मुलाला नोकरी लागणार, मोटारीची नोंदणी कोणत्या खिडकीवर होणार, या सर्वांचा संबंध त्या इमारतीशी येतो. भावकी आणि राजकारण यांची सांगड घालणारी ही रचना मराठी वाचकाला अपरिचित वाटू नये.

त्यात केंटकीची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरविणारी अंतर्गत निवडणूक, ही बंदिस्त स्वरूपाची आहे. डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत त्याच पक्षाचा म्हणून नोंदलेला मतदार मत देऊ शकतो. पक्ष बदलावयाचा झाल्यास तो आदल्या वर्षाच्या अखेरीपर्यंत बदलावा लागतो. जेथे रिपब्लिकन पक्षाला उमेदवारही सहजासहजी मिळत नाही, तेथे शेरीफ किंवा क्लार्क कोण होणार, याचा खरा निर्णय मे महिन्यातील डेमोक्रॅटिक प्रायमरीतच लागतो. साहजिकच, ज्याला गावाच्या कारभारात मत हवे, त्याला डेमोक्रॅट म्हणून नाव नोंदविणे भागच होते. वॉशिंग्टनमधील पक्षनेते पसंत असोत वा नसोत, नोंदणी तीच राहिली.

केंटकीच्या मतपत्रिकेवर आणखी एक सोय आहे. एकाच खुणेने एखाद्या पक्षाच्या सर्व उमेदवारांना मत देता येते. बहुतेक राज्यांनी ही पद्धत मोडीत काढली. केंटकीने ती टिकविली आहे. एकपक्षीय काउंटीत या सोयीने दीर्घकाळ डेमोक्रॅटिक पक्षाला हात दिला. शेरीफ हा ओळखीचा माणूस. त्याला मत देताना एका खुणेत अध्यक्षपदाच्या अनोळखी उमेदवारालाही मत पडत असे. हीच सोय पुढे उलट दिशेनेही काम करू शकते, हे पक्षाच्या उशिरा लक्षात आले.

तंबाखूचा आधार सुटला

निष्ठेचा तिसरा धागा शेतीचा होता. १९३० च्या दशकातील महामंदीत अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या सरकारने शेतमालाला आधार देणाऱ्या योजना आणल्या. त्यांतूनच तंबाखूचा कोटा आणि किमतीची हमी ही व्यवस्था आकाराला आली. कोणत्या शेतकऱ्याने किती तंबाखू विकायचा, हे कोट्याने ठरे आणि त्या मोबदल्यात भाव कोसळणार नाही, याची शाश्वती मिळे. केंटकीच्या डोंगरांत पिकणाऱ्या बर्ली जातीच्या तंबाखूला याचा मोठा लाभ झाला. एक-दोन एकरांचे तंबाखूचे तुकडे असलेली कुटुंबेही त्यावर वर्षाचा रोख खर्च भागवीत. मुलांचे कपडे, मालमत्तेचा कर, नाताळची खरेदी या साऱ्यांचा हिशेब तंबाखूच्या लिलावावर बसविला जाई. हा कोटा डेमोक्रॅटिक सरकारची देणगी मानला जात होता.

ऑक्टोबर २००४ मध्ये अमेरिकी संसदेने हा कोटा रद्द करणारा कायदा केला. कोटाधारकांना दहा वर्षांच्या हप्त्यांत भरपाई देण्यात आली आणि २०१४ मध्ये तीही संपली. शासनाच्या शेतीगणनेनुसार केंटकीत २००२ मध्ये तंबाखू पिकविणारी सुमारे २९ हजार शेते होती; २००७ मध्ये ती आठ हजारांच्या आसपास आली आणि २०१७ पर्यंत तीन हजारांहूनही खाली घसरली. कोटा गेला ते वर्ष आणि एलियटने डेमोक्रॅटिक उमेदवाराला भरघोस मतांनी विजयी केल्याचे शेवटचे वर्ष जवळजवळ एकच, हा योगायोग असेल. कायद्याला दोन्ही पक्षांतून पाठिंबा होता आणि त्याचा राग एका पक्षावर निघाला, असे म्हणता येत नाही. परंतु शेतकरी आणि पक्ष यांना जोडणारी एक जुनी, रोकडी गाठ त्यामुळे सुटली, हे निश्चित.

त्यापाठोपाठ औद्योगिक नोकऱ्याही गेल्या. अ‍ॅशलंड येथील पोलाद कारखान्याची भट्टी डिसेंबर २०१५ मध्ये थंडावली आणि शेकडो कामगार घरी बसले. २०१९ मध्ये कारखाना कायमचा बंद झाला. पूर्व केंटकीतील कोळसा खाणींतील नोकऱ्या २०११ ते २०१६ या पाच वर्षांत दोन-तृतीयांशांहून अधिक घटल्या. एलियट ही काही मोठ्या खाणींची काउंटी नव्हे. तरीही आसपासच्या साऱ्या टापूचे अर्थकारण कोळशाभोवती फिरत होते. स्वस्त नैसर्गिक वायू आणि डोंगरांतील पातळ होत गेलेले कोळशाचे थर ही या घसरणीची मोठी कारणे होती. परंतु ओबामा सरकारच्या पर्यावरणविषयक नियमांना दोष देणे राजकीयदृष्ट्या सोपे होते आणि तो प्रचार प्रभावी ठरला. मार्च २०१६ मध्ये क्लिंटन यांनी कोळसा कंपन्या व कामगार यांच्या भवितव्याविषयी केलेले विधान त्यांना या सर्व पट्ट्यात महागात पडले. त्यांना खाणकामगारांच्या पुनर्वसनावर बोलावयाचे होते. ऐकणाऱ्यांच्या ध्यानात राहिले ते खाणी बंद पडण्याचे.

कामगार संघटनांचे बळ याच काळात ओसरले. कारखान्यात वा खाणीत काम करणाऱ्याला पक्षाशी जोडून ठेवणारी ती एक महत्त्वाची कडी होती. ती तुटल्यावर गर्भपात, बंदूक बाळगण्याचा अधिकार, समलिंगी विवाह यांसारख्या प्रश्नांना मतदानात अधिक वजन आले. या सर्व प्रश्नांवर डोंगरातील धार्मिक वृत्तीचा मतदार आणि राष्ट्रीय डेमोक्रॅटिक पक्ष यांच्यातील अंतर वाढतच गेले होते.

याचे ठळक उदाहरण एलियटला लागून असलेल्या रॉवन काउंटीत २०१५ मध्ये घडले. तेथील निर्वाचित क्लार्क किम डेव्हिस यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतरही समलिंगी जोडप्यांना विवाहाचा परवाना देण्यास नकार दिला. न्यायालयाच्या अवमानाबद्दल त्यांना काही दिवस कोठडीत काढावे लागले. एक वर्षापूर्वी त्या निवडून आल्या होत्या, त्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या तिकिटावर. कोठडीतून सुटल्यावर त्यांनी रिपब्लिकन पक्षात प्रवेश केला. २०१८ मध्ये मतदारांनी त्यांना पराभूत केले, हा भाग निराळा. नोंदणीने डेमोक्रॅट आणि विचाराने दुसऱ्याच पक्षाच्या जवळ असलेल्या असंख्य मतदारांची अवस्था त्या घटनेने उघड केली.

ओबामा यांच्या वंशाचा प्रश्नही या चर्चेत येतो. २००८ मध्ये फ्लॉइड आणि नॉट यांसारख्या पूर्व केंटकीतील जुन्या डेमोक्रॅटिक काउंट्या मॅकेन यांच्याकडे वळल्या, तेव्हा त्यामागे वंशद्वेष असल्याचे निदान अनेकांनी केले. त्यात तथ्य नव्हतेच, असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु जवळपास संपूर्णपणे गोऱ्या असलेल्या एलियटने त्याच निवडणुकीत ओबामा यांना ६१ टक्के मते दिली आणि आठ वर्षांनी एका गोऱ्या उमेदवाराला २६ टक्क्यांवर रोखले. एकाच कारणाने या काउंटीचा निकाल उलगडत नाही.

वरचा पक्ष, खालचा पक्ष

२०१६ नंतर एलियटमधील डेमोक्रॅटिक पक्ष संपला, असा निष्कर्ष घाईचा ठरला असता. सँडी हूकचेच रहिवासी रॉकी अ‍ॅडकिन्स हे १९८७ पासून राज्य विधिमंडळात या भागाचे प्रतिनिधित्व करीत होते. ते तेथे बहुमतातील पक्षाचे नेतेही होते. नोव्हेंबर २०१६ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने केंटकीच्या कनिष्ठ सभागृहातील बहुमत गमावले. १९२१ नंतर प्रथमच असे घडत होते. अ‍ॅडकिन्स मात्र आपल्या मतदारसंघातून निवडून आले आणि २०१८ मध्येही त्यांनी तो राखला. ज्या मतदारांनी वरच्या ओळीत ट्रम्प यांच्यापुढे खूण केली, त्यांतील कित्येकांनी खाली अ‍ॅडकिन्स यांना मत दिले. अ‍ॅडकिन्स हे गर्भपाताला विरोध करणारे, कोळसा उद्योगाची बाजू मांडणारे आणि त्याच वेळी सार्वजनिक शाळा व निवृत्तिवेतन यांचे समर्थन करणारे. डोंगरातील डेमोक्रॅट म्हणून जी व्यक्ती मतदारांच्या मनात होती, ती अशी.

२०१९ मध्ये अ‍ॅडकिन्स यांनी राज्यपालपदाची उमेदवारी मागितली. प्रायमरीत पूर्व केंटकी त्यांच्यामागे उभी राहिली. परंतु अँडी बेशियर यांनी त्यांना मागे टाकले. त्याच वर्षी नोव्हेंबरात बेशियर यांनी विद्यमान रिपब्लिकन राज्यपाल मॅट बेव्हिन यांना संपूर्ण राज्यात अवघ्या ५,१३६ मतांनी हरविले. ज्या एलियटने तीन वर्षांपूर्वी ट्रम्प यांना ७० टक्के मते दिली होती, तिने राज्यपालपदासाठी कौल दिला तो डेमोक्रॅटिक पक्षाच्या बेशियर यांना. केंटकीत राज्यपालाची निवडणूक विषम वर्षात, अध्यक्षीय निवडणुकीपासून अलग होते. त्यामुळे तेथे शिक्षकांचे निवृत्तिवेतन, रुग्णालये, रस्ते यांवर बोलणे शक्य होते.

परंतु पुढे हा खालचा पक्षही खचू लागला. अ‍ॅडकिन्स राज्यपालांचे सल्लागार म्हणून गेल्यावर त्यांच्या रिक्त जागेसाठी फेब्रुवारी २०२० मध्ये पोटनिवडणूक झाली आणि ती रिपब्लिकन पक्षाचे रिचर्ड व्हाइट यांनी जिंकली. तीन दशकांहून अधिक काळ एकाच माणसाने धरून ठेवलेली जागा तो बाजूला होताच हातची गेली. जुलै २०२२ मध्ये संपूर्ण केंटकीत नोंदणीकृत रिपब्लिकन मतदारांची संख्या इतिहासात प्रथमच डेमोक्रॅट मतदारांपेक्षा अधिक झाली. २०२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत एलियटमध्ये ट्रम्प यांचा वाटा आणखी वाढला. कमला हॅरिस यांना राज्यातील दोनच काउंट्या जिंकता आल्या, त्या म्हणजे जेफरसन आणि फेयेट.

मत आणि हित

अशा काउंट्यांतील मतदार स्वतःच्या हिताविरुद्ध मत देतात, असा आक्षेप अमेरिकी शहरांतून वारंवार घेतला जातो. त्याला आधार नाही, असे नाही. २०१४ मध्ये केंटकीने अँडी बेशियर यांचे वडील आणि तत्कालीन राज्यपाल स्टीव्ह बेशियर यांच्या पुढाकाराने गरिबांसाठीच्या मेडिकेड या सरकारी आरोग्य योजनेचा विस्तार केला. त्याचा सर्वाधिक लाभ पूर्व केंटकीतील लोकांना झाला. विमा नसलेल्यांचे प्रमाण राज्यात झपाट्याने घटले. ही योजना ओबामा यांच्या आरोग्य कायद्यातून आली होती आणि दोनच वर्षांनी याच भागाने तो कायदा रद्द करण्याचे वचन देणाऱ्या उमेदवाराला कौल दिला. जुलै २०२५ मध्ये ट्रम्प यांच्या स्वाक्षरीने झालेल्या कायद्यात मेडिकेडवरील खर्चाला कात्री लावणाऱ्या आणि अनेक लाभार्थींना कामाची अट घालणाऱ्या तरतुदी आहेत. पूर्व केंटकीतील लहान रुग्णालयांच्या दृष्टीने हा जगण्या-मरण्याचा प्रश्न आहे. कारण त्यांच्या रुग्णांत मेडिकेडच्या लाभार्थींचे प्रमाण मोठे असते.

तथापि, हित म्हणजे केवळ सरकारी लाभ, हे समीकरण येथील मतदार मान्य करीत नाही, हेही आकड्यांतून दिसते. तंबाखूच्या कोट्याने शेतकऱ्याला स्वतःच्या श्रमाचे दाम मिळत होते; त्यात मिंधेपणाची भावना नव्हती. आरोग्य विमा किंवा अन्नसाहाय्य यांनी गरज भागते, परंतु गेलेली नोकरी आणि तिच्याबरोबर गेलेली पत परत येत नाही. कारखाना पुन्हा सुरू होईल, असे आश्वासन देणाऱ्याचे शब्द खरे ठरले नाहीत, तरी प्रश्न तोच असल्याची दखल त्याने घेतली, एवढे मतदाराला पुरेसे वाटले. अ‍ॅशलंडचा कारखाना ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीतच कायमचा बंद झाला. त्याने २०२० मधील त्यांच्या मतांत घट झाली नाही, उलट २४६ मतांची भर पडली.

निकाल काय शिकवितो

एलियटच्या निकालांतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली ही, की पक्षनिष्ठा भाषणांतून निर्माण होत नाही. ती कोर्टाच्या इमारतीतून, शेतमालाच्या भावातून, कामगार संघटनेतून आणि ओळखीच्या उमेदवारातून उभी राहते. हे आधार एकेक करून गेले, की परंपरेचे नाव काही काळ टिकते; मग एखादी निवडणूक तिचा अंत जाहीर करते. ज्याला २०१६ चा धक्का म्हटले गेले, त्याची सूचना २००८ आणि २०१२ च्या ओस पडू लागलेल्या मतदान केंद्रांनी आधीच दिली होती. पक्षाने विजयाचे आकडे पाहिले. कमी झालेले मतदान पाहिले नाही.

दुसरी गोष्ट काउंटीच्या भवितव्याशी निगडित आहे. एकपक्षीय काउंटीने पक्ष बदलला, तरी ती एकपक्षीयच राहिली. पूर्वी डेमोक्रॅटिक पक्षाने तिला गृहीत धरले. आता रिपब्लिकन पक्ष धरू शकतो आणि दुसरा पक्ष तिच्याकडे वळण्याचा खटाटोप करीत नाही. ज्या मतदारासाठी कोणालाच झगडावे लागत नाही, त्याच्या प्रश्नांना प्रचारात जागा मिळणे कठीण असते. २०१९ ची राज्यपालपदाची निवडणूक हा त्याला अपवाद होता. कारण तेव्हा ही मते दोन्ही बाजूंना हवी होती.

राज्यपाल बेशियर यांना सलग तिसऱ्यांदा निवडणूक लढविता येत नाही. त्यामुळे २०२७ मध्ये केंटकीला नवा राज्यपाल निवडावयाचा आहे. त्या निवडणुकीतील एलियटची मते अध्यक्षीय निवडणुकीतील मतांइतकीच एका बाजूला झुकलेली निघतात की त्यांत फरक पडतो, यावरून तेथील खालच्या पक्षात काही धुगधुगी उरली आहे काय, हे कळू शकेल. निकालाच्या रात्री मात्र कोण जिंकले एवढेच पाहून भागणार नाही. किती जण मतदानाला आले, हा आकडाही त्याच्याशेजारी मांडून पाहावा लागेल.